पावसाळ्यात आउटबोर्ड इंजिन ठेवताना

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होडी शाकारून झाली की तिच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन घरी येतं. आमचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड ऑगस्टमध्ये दरवेळी छळायचं. दोरी ओढून खांदे भरून येत, इंजिन काही चालू होत नसे. कार्ब्युरेटर उघडल्यावर कारण दिसलं: उरलेलं पेट्रोल सुकून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, चिकट थर बसलेला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओलही ओढतं, म्हणून टाकी पूर्ण रिकामी करायची.

आता मेअखेरीस इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा-पंधरा मिनिटं चालवतो. आतलं मीठ धुऊन निघतं. मग तिथेच पेट्रोलची नळी काढतो आणि इंजिन आपसूक बंद पडू देतो, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. नंतर किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) क्लिप काढून, स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल सोडायचं, दोरी हळूच दोन-तीनदा ओढायची आणि प्लग परत बसवायचा.

गिअर ऑइल मात्र पावसाळ्याआधीच बदला. आमचं दुधाळ निघालं, म्हणजे सीलमधून पाणी शिरलेलं. दोन महिने तसंच राहिलं तर बेअरिंग गंजतात. सील नवं घातलं. इंजिन उभंच ठेवा, आणि ताडपत्रीत गच्च गुंडाळू नका. आत दमट हवा कोंडते.