मुलांना वाचनाची गोडी लावताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मी पुस्तकांची पेटी उघडून बसते. मुलं मोठी होतात, नवी येतात; आईबाबांच्या चुका मात्र त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गोष्ट संपली की लगेच प्रश्न. "काय शिकलास? तात्पर्य काय?" पहिलीतला एक मुलगा कुठलंही पुस्तक घेतलं की थेट शेवटचं पान उघडायचा, तेवढंच वाचायचा आणि पुस्तक परत पेटीत. मला वाटलं, चित्रं आवडत नसतील. विचारलं तर म्हणाला, "काकू, तात्पर्य शेवटी असतं ना. बाबा विचारतात." मला रडूच आलं. त्याच्या बाबांना म्हटलं, "महिनाभर काही विचारू नका. रात्री त्याला जवळ घेऊन तुम्हीच वाचा." ते म्हणाले, "मग त्याला समजलं की नाही, कळणार कसं?" अहो, गोष्टीत वाघ आला की पोर तुम्हाला चिकटतं, त्यावरून कळतं! जूनमध्ये हे बोलणं झालं. तो पहिल्या पानापासून वाचायला लागला तेव्हा दिवाळी आली होती. एवढा वेळ लागतोच. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला पुस्तकं आणून नोव्हेंबरात "अजून गोडी लागली नाही" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

दुसरी चूक: मूल अक्षरं जुळवायला लागलं की वाचून दाखवणं बंद. काना-मात्रा आल्या की दुकानांच्या पाट्या वाचता येतात आणि आपल्याला वाटतं, झालं. पण 'आश्चर्य', 'दुष्काळ' अशा शब्दांपाशी मुलाची दमछाक होते, आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. मी एक पान स्वतः वाचते, एक मुलाला देते. अडलं तर शब्द सांगून टाकते. "नीट बघ" म्हणत नाही. चौथीपर्यंत तरी वाचून दाखवा.

पुस्तक इयत्ता बघून निवडू नका. एक पान वाचायला द्या, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पाचही मिटली तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मोफत आहेत. मी नेहमी एक पातळी खालून सुरुवात करते.

तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर तेच वाचा.

फाटेल म्हणून काचेच्या कपाटात ठेवू नका. चिकटपट्टी कशाला असते?

"दहा पुस्तकं वाच, सायकल घेतो" हा शॉर्टकट तर नकोच. मुलं दहा सगळ्यात पातळ पुस्तकं शोधतात.

आणि स्वतः मोबाइलमध्ये डोकं घालून "वाच रे" म्हणू नका. 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने ऑनलाइन खुले केले आहेत. तुमच्या लहानपणीच्या अंकातली एखादी गोष्ट छापून घ्या आणि मुलासमोर बसून वाचा. काय वाचताय ते त्याने विचारेपर्यंत सांगू नका.