सुकटी आणि सुजवटी: आधी पाय दाबून पाहा, मग काटा

मूल काट्यावर ठेवण्याआधी त्याची दोन्ही पावले वरच्या बाजूने अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला, तर वजन कितीही भरो, ते अतितीव्र कुपोषण, म्हणजे सुजवटी. साठलेल्या पाण्याने वजन फसवे वाढते, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबल्यास नेमकी हीच मुले निसटतात. सुकटी या दुसऱ्या प्रकारात सूज नसते. बरगड्या उठून दिसतात, कुल्ल्यांवरची कातडी लोंबते.

६ महिने ते ५ वर्षे वयात डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून घेर मोजा. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे अतितीव्र, ११.५ पासून १२.५ च्या आत मध्यम. फीत आवळली की घेर कमी भरतो. उंचीनुसार वजन उणे ३ एसडीखाली (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, तक्त्यातील सरासरीपासूनचे अंतर) असेल तरीही अतितीव्रच.

भूक चांगली, सूज नाही, दुसरा आजार नाही, अशा मुलावर तयार उपचारात्मक आहार देऊन घरी उपचार होतात. बाकीच्यांना दाखल करा.

दाखल झाल्यावर घाई जीव घेते. हृदय, यकृत, मूत्रपिंडे थकलेली असतात. एकदम भरपूर अन्न त्यांना पेलत नाही. रक्तातील साखर डेसीलिटरमागे ५४ मिग्रॅच्या खाली असेल आणि मूल शुद्धीवर असेल, तर १० टक्के ग्लुकोज ५० मिली तोंडाने द्या. अंग उबदार ठेवा. ताप नसला तरी अँटिबायोटिक सुरू करा, कारण या मुलांना संसर्गातही ताप येतोच असे नाही. एफ-७५ (सुरुवातीचे हलके उपचारात्मक दूध) दिवसाला किलोमागे १३० मिली (सूज फार असेल तर १००), दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सहा किलोच्या सूज नसलेल्या मुलाला एका वेळी ६५ मिली. सूज उतरवायला लघवीचे औषध देऊ नका. लोह आत्ता नको. संसर्ग बळावू शकतो.

भूक परतली, सूज ओसरू लागली की तेवढ्याच मापाने दोन दिवस एफ-१०० (वजन वाढवणारे जास्त ताकदीचे दूध) द्या. मग दर वेळी १० मिली वाढवत जा, मूल थोडे उरवेपर्यंत. नाडी मिनिटाला २५ ने आणि श्वास ५ ने वाढून तसेच राहिले, तर माप लगेच कमी करा.

पुढे रोज किलोमागे १० ग्रॅम वाढ चांगली. ५ च्या खाली असेल तर लपलेला संसर्ग शोधा, आणि रात्रीचे दूध खरोखर दिले जाते का तेही पाहा. बहुधा तिथेच चूक सापडते.

घेर १२.५ किंवा उंचीनुसार वजन उणे २ एसडीपर्यंत आले आणि दोन आठवडे सूज नसली की उपचार थांबवा. दाखल करताना जे माप धरले, तेच इथेही धरा.