कॉलेजचा फुटबॉल संघ हरत सुटलाय? या चुका टाळा

कोल्हापुरात कॉलेजच्या पोरांबरोबर मैदानावर बरीच वर्षं काढली. दोन-तीन मॅच हातच्या गेल्या की दरवर्षी तोच गोंधळ सुरू होतो, आणि आता तो बघवत नाही.

सगळ्यात घातक म्हणजे प्रत्येक पराभवानंतर संघ मोडून नवा मांडणं. एका हंगामात पहिली मॅच आम्ही १-० ने गमावली, दुसरी २-१ ने. मी घाबरलो. ४-४-२ ची मांडणी (चार बचावाला, चार मधे, दोन पुढे) सोडून ३-५-२ आणली, गोलकीपर बसवला, उजव्या बॅकला मधे घातलं. तिसरी मॅच ५-० ने गेली. बसवलेल्या गोलकीपरशी मी धड बोललोही नव्हतो. तो सरावालाच यायचा बंद झाला. ते मला आजही लागतं.

त्या रात्री वही घेऊन आमच्यावर झालेले आठही गोल लिहून काढले. कितव्या मिनिटाला, चेंडू कुठून आला, कोणाचा माणूस मोकळा सुटला. आठातले सहा शेवटच्या वीस मिनिटांतले! मांडणीत खोट नव्हती, पोरांच्या पायांत जीवच उरत नव्हता.

का उरत नव्हता, तेही विचारल्यावर कळलं. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून खेळणं म्हणजे इथल्या पोराचा जीव की प्राण. ते सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण आदल्या दिवशी तिकडे पूर्ण मॅच खेळलेली चार पोरं मी दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून उतरवत होतो. आता मॅचला आल्या आल्या पहिला प्रश्न तोच: काल कोण खेळलं? जो खेळला तो बाकावर, कितीही मोठा फॉरवर्ड असो. गरज पडली तर उत्तरार्धात उतरवतो.

सराव बुडवून थेट मॅचला येणाऱ्याला जर्सी देऊ नका. एकदा दिली की बाकीचे दहा बघत असतात.

वॉर्म-अप म्हणजे गोलवर चार फटके मारणं नव्हे. फिफाचा ‘११+’ वीस मिनिटांचा आहे: आधी धावणं, मग ताकद, उड्या आणि तोल, शेवटी पुन्हा वेगानं धावणं. त्यातला गुडघ्यावर बसून, जोडीदाराला घोटे धरायला लावून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम पोरांना कंटाळवाणा वाटतो. मांडीच्या मागचा स्नायू त्यानंच टिकतो, म्हणून मी तो चुकवू देत नाही. पहिल्या आठवड्यापासून मॅचच खेळूया म्हणणाऱ्या नव्या पोरांचं तर मी अजिबात ऐकत नाही.

कॉर्नर किकला समोरच्या कोणावर कोणी लक्ष ठेवायचं, हे मॅच चालू असताना ठरवू नका.

आणि हरल्या हरल्या मैदानावरच झडती घेऊ नका. बूट काढू द्या, पाणी पिऊ द्या, घरी जाऊ द्या. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, वही समोर ठेवून. आणि ज्याला पुढच्या मॅचला बसवणार आहात, त्याला आधी एकट्याला बाजूला घेऊन सांगा.