कलमाखालच्या कोरड्या सावलीत काय लावाल

आमच्या गुहागरच्या घरामागे हापूसचं जुनं कलम आहे. त्याच्याखाली पातेऱ्याशिवाय, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांशिवाय, काही नसायचं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी हौसेने तिथे नेचे नि अँथुरियम लावले आणि दिवाळीपासून रोज संध्याकाळी पाइप धरला. डिसेंबरात अर्धं कलम तांबूस पालवीने भरलं, मोहोर आला तो उरलेल्या अर्ध्यालाच. सासरे एवढंच म्हणाले, "अगो, कलमाला ताण हवा. पाणी पाजलंस तर पालवीच येणार."

म्हणजे पाऊस सरल्यापासून फळ धरेपर्यंत कलमाखाली पाणी नाही. मग तेव्हा झोपणारी झाडंच शोधायची: सुरण, आंबेहळद, भुईचाफा. पावसाळाभर हिरवी, मग सगळा जीव जमिनीखालच्या कांद्यात, म्हणजे कंदात. पीक उघड्यावरच्यापेक्षा कमी येतं, पण आपल्याला बाग करायचीय.

लावणी मेअखेरीस, मृगाच्या आत. जांभ्यात पहार लागतेच, पण कलमाखाली ती हळू चालवा. अंगठ्याएवढं मूळ लागलं तर तोडू नका, हातभर बाजूला सरका. बुंध्यापासून चार फूट मोकळे सोडा. सालीला माती चढली की साल कुजते. आणि खोल खड्डा नकोच! सावली कोरडी असली तरी ती जूनपर्यंतच. नंतर पानांवरून निथळणारं पाणी खड्ड्यात साचतं, आणि माझी पहिल्या वर्षाची हळद त्यातच कुजली. आता चिऱ्यांचे तुकडे गोल रचते, आत कुजलेला पातेरा, शेणखत आणि थोडी माती घालून वीतभर उंच गादी करते. कांदा त्या गादीत, वर पुन्हा पातेरा.

सुरणाचं पान वाळून पडलं की तिथे काठी रोवा. माझे दोन कांदे पहारीनेच फुटलेत. कुंपणालगत तर सुरण लावूच नका, डुकरं उकरतात.

बारमाही हिरवं हवं असेल तर सावलीच्या कडेला अडुळसा. जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या वीतभर कापून, दोन डोळे मातीत जातील अशा खोचायच्या. गुरं तोंड लावत नाहीत. जानेवारीत पानं माना टाकतात, घाबरू नका. कैरी सुपारीएवढी झाली की शेजारी लहान मडकं पुरून चार दिवसांनी एकदा भरा, पहिल्या उन्हाळ्यापुरतंच. स्नेक प्लांटही चालतो, मात्र गादीवरच.

भुईचाफ्याचं तंत्र उलटं. उन्हाळ्याच्या शेवटी, पान नसताना, फूल थेट जमिनीतून येतं, पांढरं-जांभळं. त्या दिवसांत तिथे खराटा फिरवू नका. मी एकदा फिरवला, आणि फुलं पातेऱ्याबरोबर न्हाणीच्या चुलीत गेली.