भोगीच्या भाज्या उरलेल्या कापडातून

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची सजावट रथसप्तमीपर्यंत मांडून ठेवावी लागते. त्या वर्षीच्या तिथीप्रमाणे हा काळ कधी दीड आठवड्याचा असतो, तर कधी महिनाभराचा. भोगीला आणलेली खरी वांगी, गाजरे आणि मटार इतके दिवस टिकत नाहीत आणि टिकवण्यासाठी ती आणलेलीही नसतात, कारण त्यांची जागा तीळ घातलेल्या भाजीत आणि बाजरीच्या भाकरीशेजारी आहे. महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर 2018 साली बंदी आल्यापासून अनेक घरांत कापडाची आरास पुन्हा दिसू लागली आहे, आणि शिवणाच्या पिशवीत साठलेल्या तुकड्यांतून तिच्यासाठी भाज्या शिवणे हे दोन-तीन दुपारींत होणारे काम आहे. सुगडात मात्र खरीच गाजरे, बोरे आणि हरभऱ्याचे घाटे भरावेत. कापडी भाज्या सुगडांभोवतीच्या मांडणीपुरत्या असाव्यात.

शिवायला बसण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कापडी भाजी ओळखू येते ती तिच्या देठामुळे. लाल कापडाचा निमुळता शंकू पाल्याशिवाय नुसता शंकूच राहतो आणि जांभळा गोळा हिरव्या टोपीशिवाय चेंडू वाटतो. म्हणून अंगासाठी फुलाफुलांचे, ठिपक्यांचे किंवा चौकड्याचे कोणतेही कापड चालते, पण देठाच्या बाबतीत हयगय करू नये. शक्य असल्यास खरी भाजी समोर ठेवून तिचा देठ नीट न्याहाळावा. वांग्याच्या टोपीची टोके अंगाला घट्ट चिकटलेली असतात, भोपळ्याचा देठ लाकडासारखा कडक आणि कंगोरे असलेला असतो, मटारच्या शेंगेला एका बाजूला देठ आणि दुसऱ्या बाजूला बारीक वाकडे टोक असते. एवढे तपशील कापडात उतरले की रंग थोडा वेगळा असला तरी बिघडत नाही.

कापडाची निवड भाजीप्रमाणे करावी. ब्लाउजसाठी वापरतात ते टू बाय टू रुबिया पातळ असल्यामुळे त्याला चुण्या फार सुरेख पडतात, म्हणून गोल भाज्यांसाठी त्याच्यासारखे दुसरे कापड नाही. खणाचे तुकडे रंगाने देखणे असले तरी त्यांचे धागे लगेच सुटतात. त्यांना नेहमीच्या अर्ध्या सेंटिमीटरऐवजी पूर्ण एक सेंटिमीटर माया, म्हणजे टिपेबाहेरचे जादा कापड, ठेवावी आणि उलट्या बाजूला पातळ फ्युजिंग (उष्णतेने चिकटणारे अस्तर) इस्त्रीने चिकटवून मगच कापावे. पैठणीच्या किंवा इतर रेशमी तुकड्यांनाही हेच लागू आहे. गडद सुती कापड नवे असेल तर आधी धुऊन घ्यावे, कारण त्याचा रंग शेजारच्या फिकट कापडावर उतरू शकतो. देठांसाठी मात्र जाड कापड हवे. जुन्या जीन्सची पट्टी किंवा कॉटन पँटचे उरलेले कापड या कामासाठी जपून ठेवावे.

भरण्यासाठी जुन्या उशीतील फायबर सर्वांत सोयीचे. शेवरीचा कापूस हलका असतो आणि ओल धरत नाही, पण तो फार उडतो, म्हणून तो वापरायचा असल्यास टीप बारीक घालावी. कातरकामात उरलेल्या अगदी बारीक चिंध्यादेखील भरता येतात. मात्र नुसत्या चिंध्या भरल्या तर भाजी जड होते आणि अंगावर गाठी दिसतात, म्हणून चिंध्या मध्यभागी ठेवून त्यांच्याभोवती फायबरचा थर द्यावा. वजनासाठी तांदूळ किंवा गहू भरण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, परंतु धान्याला कीड लागते आणि ती कापडापर्यंत पोहोचते. वजन हवेच असेल तर धुऊन वाळवलेली वाळू लहानशा पुरचुंडीत घट्ट शिवून तळाशी ठेवावी.

सुरुवात गाजरापासून करावी, कारण त्यात एकच सरळ टीप आहे. वर्तमानपत्रावर 18 सेंटिमीटर लांबीच्या दोन बाजू आणि 12 सेंटिमीटरचा पाया असलेला त्रिकोण काढून पाया किंचित बाहेर फुगवावा. या मापाने साधारण साडेतीन सेंटिमीटर जाडीचे गाजर तयार होते. जानेवारीत बाजारात लाल गाजरे भरपूर असतात, त्यामुळे नारिंगी कापड नसेल तर लाल किंवा मरून तुकडाही शोभतो. कापड सुलट बाजू आत ठेवून उभे दुमडावे आणि लांब बाजूने टीप मारावी. टोकापाशी टाके अगदी जवळ घालावेत. टोकाची जादा माया कातरून मगच गाजर सुलटवावे, नाहीतर टोकाला बोचका राहतो. आत विणकामाच्या सुईचे बोथट टोक घालून टोक हळूच बाहेर काढावे. कात्रीच्या टोकाने ढकलल्यास टीप उसवते. फायबर चिमूट-चिमूट घालत टोकापासून वर भरत यावे आणि पुरेसे वाटल्यावरही आणखी थोडे भरावे, कारण काही दिवसांत ते दबते. वरच्या कडेला दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालून दोरा अर्धवट ओढावा. हिरव्या जुन्या ओढणीच्या दहा-बारा पट्ट्या मध्यभागी बांधून दुमडाव्यात, त्यांचा बांधलेला भाग तोंडात खोवावा आणि मग दोरा पूर्ण आवळून पाल्यासकट पाच-सहा टाके आरपार घालावेत. शेवटी गडद दोऱ्याने अंगावर थोड्याथोड्या अंतरावर आडवे आखूड टाके घालून ते किंचित ओढले की गाजरावरच्या आडव्या रेघा उमटतात.

वांग्याला जास्त वेळ द्यावा, कारण भोगीच्या मांडणीत लक्ष आधी त्याच्याकडेच जाते. भरल्या वांग्यासाठी आणतो त्या आकाराचे वांगे हवे असेल तर जांभळ्या रुबियाचे 18 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापावे. कड अर्धा सेंटिमीटर आत दुमडत मजबूत दुहेरी दोऱ्याने सभोवार धावदोरा घालावा. येथे टाके मुद्दाम मोठे, सहा-सात मिलिमीटरचे घ्यावेत. बारीक टाके घेतले की चुण्या पुष्कळ पडतात, त्या तोंडाशी गर्दी करतात आणि दोरा कितीही ओढला तरी मध्ये भोक उरते. मोठ्या टाक्यांनी चुण्या कमी पडतात आणि तोंड घट्ट मिटते. दोरा ओढून पिशवी झाली की ती टणक भरावी, तोंड आवळावे आणि पक्की गाठ मारावी. साधारण साडेपाच सेंटिमीटरचा गोळा मिळेल. लांबट वांगे हवे असल्यास वर्तुळाऐवजी लंबगोल कापावा. वरच्या अर्ध्या भागात चुण्या दिसणारच. त्या सगळ्या बाजूंनी सारख्या पसरवून घेतल्या की त्यांचा बराचसा भाग टोपीखाली जातो.

टोपीसाठी हिरव्या कापडाचे दोन थर सुलट बाजू आतमध्ये ठेवून एकमेकांवर ठेवावेत आणि वरच्या थरावर पेन्सिलीने पाच टोकांची चांदणी काढावी. मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर साडेतीन सेंटिमीटर असावे. रेघेवरून पूर्ण चांदणी शिवावी, कोठेही उघडी जागा ठेवू नये. बाहेरून चार मिलिमीटर माया सोडून कापावी, दोन टोकांमधल्या खाचांत टिपेच्या अगदी जवळपर्यंत चिरा द्यावी आणि टोकांची माया तिरपी कातरावी. मग दोनपैकी एकाच थराच्या मध्यभागी दीड सेंटिमीटरची चीर पाडून तिच्यातून चांदणी सुलटवावी. ही चीर वांग्याकडच्या बाजूला जाते, त्यामुळे ती शिवण्याचीही गरज नसते. जाड हिरव्या कापडाची 4 बाय 5 सेंटिमीटरची पट्टी घट्ट गुंडाळून, कड टाचून देठ करावा, तो चांदणीच्या मध्यभागी आधी शिवून घ्यावा आणि त्यानंतर टोपी वांग्यावर बसवावी. क्रम उलटा केला तर सुई फिरवायला जागा उरत नाही. प्रत्येक टोक खाली ओढून एका लपत्या टाक्याने अंगाला टाचावे. टोपीवर पांढऱ्या दोऱ्याचे पाच-सहा बारीक टाके घातले की काटेही झाले.

मटारच्या शेंगेसाठी 14 सेंटिमीटर लांब आणि मध्ये 7 सेंटिमीटर रुंद अशा पानाच्या आकाराचे हिरवे दोन थर शिवून, बाजूला ठेवलेल्या तीन सेंटिमीटरच्या उघड्या जागेतून सुलटवून, ती जागा बंद करून इस्त्री करावी. दाण्यांसाठी 6 सेंटिमीटरची चार वर्तुळे कापून वांग्याप्रमाणेच आवळावीत. पान उभे दुमडून दोन्ही टोके दोन-दोन सेंटिमीटर शिवावीत आणि दाणे आत ओळीने बसवून प्रत्येकाला तळातून दोन टाके घालावेत.

मांडणीच्या मध्ये एखादी मोठी वस्तू लागते आणि लाल भोपळा ती जागा उत्तम भरतो. त्यासाठी 30 बाय 16 सेंटिमीटरचा तुकडा घेऊन आखूड बाजू जोडाव्यात, खालची कड धावदोऱ्याने आवळून बंद करावी, भरण घालावे आणि वरची कडही तशीच बंद करावी. फाकी पाडण्यासाठी गोधडीचा जाड दोरा लांब सुईत ओवून तळाच्या मध्यातून वर काढावा, बाहेरच्या अंगावरून पुन्हा तळाशी आणून ताणावा आणि परत मध्यातून वर घ्यावा. पहिल्या फाकीनंतर लगेच समोरासमोरची दुसरी पाडावी, मग उरलेली. शेजारी-शेजारी ओढत गेल्यास भोपळा एका बाजूला कलतो. सहा फाकी पुरतात, आठ अधिक देखण्या दिसतात. दोऱ्याची शेवटची गाठ तळाशीच ठेवावी. देठासाठी जीन्सची पट्टी गुंडाळून तिच्यावर दोरा उभा ताणून घ्यावा, म्हणजे कंगोरे दिसतात.

मांडणी करताना खाली चंद्रकळा किंवा कोणतेही काळे कापड अंथरले तर वांग्याचा जांभळा सोडून बाकीचे सगळे रंग उठून दिसतात. म्हणून वांगी सुपात किंवा परडीत, पिवळ्या तुकड्यावर ठेवावीत. लहान गाजरे वाण म्हणूनही लुटता येतात. बोरन्हाणाच्या वेळी मात्र मटारच्या शेंगा लांब ठेवाव्यात, कारण सुटलेला दाणा बाळाच्या तोंडात सहज जाईल एवढाच असतो.

रथसप्तमीनंतर सर्व भाज्या तासभर उन्हात ठेवून जुन्या सुती कापडात, वाळलेल्या कडुलिंबाच्या पानांसह गुंडाळून ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आत ओल धरते आणि कापडावर बुरशीचे डाग पडतात. पुढच्या वर्षी भरण दबून भोपळ्याच्या फाकी सैल झालेल्या आढळल्या, तर तळाची गाठ सोडून दोरा पुन्हा ताणावा आणि नवी गाठ मारावी.