चार भंगार जीपांतनं एक जुनी पिकअप कशी जमवायची

वडापच्या जीपा बंद झाल्या तशा त्या कुणाच्या शेतात, गुऱ्हाळाच्या मागं, नायतर उद्यमनगरात एखाद्या शेडबाहेर गंजत पडल्यात, आणि जीपच्या नाकाची जुनी महिंद्रा पिकअप रस्त्यात दिसली की प्रत्येकाला वाटतंय आपणबी एक करावी. करता येते भावांनो. मी केली, साडेतीन वर्षं गेली, त्यातलं निम्मं आधी केलेलं उसवण्यात गेलं.

सगळ्यात आधी मेन गाडी कुठली ते ठरवा. मेन म्हणजे जिची चासी नंबरसकट शाबूत आहे आणि जिच्या आरसीवर आधीपासनंच पिकअप लिहिलंय ती. बाकीच्या गाड्या नुसत्या पार्टला. पॅसेंजर जीपची आरसी घेऊन तिला मागं हौदा लावला आणि मग एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूर आरटीओच्या, पासिंगला उभं राहिलं तर माघारी पाठवणारच, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं जे मूळ दिलंय त्याच्याशी आरसी जुळली पाहिजे, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ ला तेच अजून घट्ट केलं. इंजिन बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारून, परवानगी घेऊन, आरसीवर नोंद करून. भंगारातलं इंजिन घेताना बिल घ्याच, बिल नाय तर इंजिन नाय. आणि "५० वर्षं झाली की विंटेजमध्ये घालू" म्हणणाऱ्यांसाठी, २०२१ च्या त्या नियमात चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात लागतंय, चार गाड्यांची भेळ तिथं चालत नाय.

पार्टच्या गाड्या शक्यतो एकाच घराण्यातल्या घ्या. महिंद्राचीच ५४०, कमांडर, जुनी बोलेरो, सगळ्यांच्या चाकाला पाच बोल्ट आणि पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या गोलावर बसतात त्याचा व्यास, १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच, त्यामुळं चाकाच्या डिस्क एकमेकांत बसतात. जिप्सीचीबी तीच. माझ्याकडं मेन एक पिकअप, पुढचा पत्रा एका जुन्या जीपचा, एक्सल ५४० चे आणि स्टेअरिंग बॉक्स बोलेरोचा असा संसार होता.

आता चासी. इथं मी माती खाल्ली, म्हणून इथं जरा सावकाश वाचा. चासी उघडी करून चार स्टँडवर लेव्हलला घ्या, पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, अडकवायच्या भोकांतनं ओळंबा सोडा आणि जिथं टोक येतंय तिथं फरशीवर खडूनं फुली मारा. चारी फुल्या झाल्या की चासी बाजूला ओढा आणि फुल्यांची तिरकी मापं घ्या, पुढची डावी ते मागची उजवी, मग उलटं. दोन्ही सारखी पाहिजेत. एक सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक मी सोडून देतो, त्याच्या वर नाय. मी हे केलंच नव्हतं, डोळ्यानं सरळ दिसतीय म्हणून पुढं गेलो, बॉडी चढली, रंग झाला, आणि गाडी रस्त्यावर कुत्र्यासारखी तिरकी पळायला लागली. चार सूत फरक निघाला. परत सगळं उतरवलं, मामांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ओळंबा कितीला येतोय रे?"

एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो अंदाजानं घेऊ नका. जुन्या जीपचा बहुतेक ५.३८ असतोय, एक्सलच्या आतल्या मोठ्या चक्राचे, क्राउनचे, ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे ८. नवीन गाड्यांचे वेगळे, आणि फोर बाय फोर ठेवणार असाल तर पुढचा मागचा एकच पाहिजे, नायतर फोरमध्ये घातल्यावर काहीतरी तुटणारच. उघडायची गरज नाय, एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं जॅकवर, गिअर न्यूट्रल, एक्सलला जोडलेल्या शाफ्टच्या जॉइंटवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. जॉइंट जेवढे फेरे फिरला तो तुमचा रेशो.

पाट्याच्या बैठका एक्सलवर पक्क्या करताना लय जण घाई करतात. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा. मग इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, निदान तेवढं वजन तरी चासीवर ठेवा, गाडी चाकावर उभी करा, आणि गिअरबॉक्सचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर आहेत का ते कोन मोजून बघा. रिकाम्या चासीवर बघून वेल्डिंग केलं की वजन आल्यावर पिनियनचं तोंड बदलतंय आणि पन्नासच्या पुढं सगळी गाडी थरथरतीया, मग शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस बदलत बसा. वेल्डिंगबी एका दमात ओढायचं नाय, इंचभर इकडं, इंचभर तिकडं, एक्सलचं हाऊसिंग गरम होऊन वाकतंय.

इंजिनबद्दल माझं मत विचाराल तर प्युजोचं एक्सडीपी २११२ सीसीचं कानाला गोड आहे, पण हीटर प्लग लागतात आणि पार्टसाठी फिरावं लागतंय. एमडीआय २५२३ सीसीचं खडखडतंय ट्रॅक्टरसारखं, पण डायरेक्ट इंजेक्शन आहे, थंडीत सकाळी एका चावीत उठतंय, आणि मेस्त्री कुठलाबी हात घालतोय. आरसीवर जे आहे तेच बसवता आलं तर सगळ्यात बरं. एक सांगतो, या डिझेलांच्या अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतोय, ब्रेकचा बूस्टर त्याच्यावर चालतोय. स्वस्तातला साधा अल्टरनेटर लावला की चार्जिंग मस्त आणि ब्रेक दगड. ब्रेकचा मास्टर सिलेंडर दोन सर्किटचाच घ्या, यात पैसे वाचवू नका.

पत्र्याला १८ गेज, फ्लोरला १६. आर्कनं पत्रा भोकं पडून जातोय, मिग पाहिजे, आणि बॅटरीची टर्मिनल काढूनच वेल्डिंग. आपल्या पावसात फ्लोर आतनं कुजतंय, म्हणून सांध्यांत सीलर भरा आणि खालची पाणी जायची भोकं रंगानं बुजलीत का बघा, माझी बुजली होती. वायरिंग जुनं जोडत बसू नका, नवीन ओढा, फ्यूज बॉक्ससकट.

पहिली चक्कर रिकामी आणि गावातच. दुसऱ्या चकरेला मागं वाळूची चार पोती टाकून पन्हाळ्याकडं निघा, वाघबिळाला थांबा, चहा सांगा, आणि चहा येईस्तोवर खाली घुसून पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट सगळे पान्यानं परत ताणा. माझा मागचा डावा पाऊण फेरा फिरला.