घर्षण म्हणजे दरवेळी म्यू एन नसतं: गतीच्या नियमांची गणितं करताना या चुका टाळा

मी ठाण्यात नौपाड्याला अकरावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो, कळव्यापासून ऐरोलीपर्यंतची मुलं येतात, आणि बल, घर्षण आलं की सगळ्यांचं एकच म्हणणं, सर हे तर नववीत झालंय. झालंय खरं, तीनही नियम तोंडपाठ असतात, पण पेपर हातात आला की वर्षानुवर्षं त्याच चार-पाच जागी मार्क जातात. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक घर्षणाची. गणित असं असतं: २० किलोचं खोकं जमिनीवर ठेवलंय, स्थितिक घर्षणाचा (वस्तू थांबलेली असतानाच्या) म्यू म्हणजे गुणांक ०.५, गतिक घर्षणाचा (सरकत असतानाच्या) ०.४, आडवं ५० न्यूटन बल लावलं तर घर्षण किती? मुलं लगेच लिहितात म्यू गुणिले एन, म्हणजे ०.५ गुणिले २००, उत्तर १०० न्यूटन (एन म्हणजे जमीन खोक्याला वर रेटते ते नॉर्मल बल, आणि जी म्हणजे गुरुत्वत्वरण मी इथे सगळीकडे १० धरलाय). आता जरा थांबून बघा काय झालं ते. पुढे ५० आणि मागे १००, म्हणजे खोकं तुम्ही ढकलताय आणि ते उलटं तुमच्याच अंगावर येतंय! असं खोकं कुणी पाहिलंय का? पण वहीत मात्र त्वरण उणे २.५ लिहून खाली दोन रेघा मारलेल्या असतात.

खरी गोष्ट अशी आहे की १०० न्यूटन ही मर्यादा आहे, घर्षण जास्तीत जास्त तेवढं होऊ शकतं. खोकं हलत नाही तोपर्यंत घर्षण तुमच्या बलाएवढंच असतं, तुम्ही ५० लावलं तर ५०, ८० लावलं तर ८०, काहीच नाही लावलं तर शून्य. १२० लावलं की मर्यादा ओलांडली, खोकं सरकलं, आणि सरकल्यावर मग गतिक घर्षण धरायचं, ०.४ गुणिले २०० म्हणजे ८०. उरलं ४०, भागिले २०, त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. आणि एकदा सरकलेलं खोकं एकसारख्या वेगाने नेत राहायला ८० न्यूटनच पुरतात, म्हणूनच कपाट सरकवताना पहिला धक्का जड जातो. तेव्हा आधी मर्यादा काढा, लावलेल्या बलाशी ताडून बघा, खोकं हलतंय की नाही ते ठरवा, आणि मगच घर्षणाचा आकडा लिहा.

दुसरं, घर्षण नेहमी गतीच्या उलटं असतं हे वाक्य डोक्यातून काढून टाका. घर्षण उलटं असतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याच्या. ठाणे-वाशी लोकलमध्ये दांडा न धरता उभे आहात आणि गाडी सुटली, तर तुमच्या पायांना पुढे कोण नेतं? डब्याच्या फरशीचं घर्षणच, आणि तेही गाडीच्याच दिशेने. पाय पुढे जातात, वरचं अंग जडत्वामुळे जागीच राहू बघतं, म्हणून आपण मागे कलंडतो. मुलं इथे आकृतीत मागे जाणारा एक बाण काढतात, मी विचारतो हे बल कुणी लावलं रे, तर उत्तर नसतं. ज्या बाणाचा मालक सांगता येत नाही तो बाण जमिनीवरून बघताना काढायचाच नाही, मला विचाराल तर अख्ख्या चॅप्टरमधली सगळ्यात कामाची सवय हीच. चालणंही तसंच, पाय जमीन मागे रेटतो आणि घर्षण आपल्याला पुढे नेतं, पावसात स्टेशनच्या पुलावर ते कमी पडतं म्हणून चप्पल सटकते.

मग एन बरोबर एम जी, म्हणजे नॉर्मल बल वस्तूच्या वजनाएवढं. हे फक्त सपाट जमिनीवर, उभ्या दिशेला दुसरं बल किंवा त्वरण नसेल तेव्हाच खरं. तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या ओढताना बघितल्या असतील. तीच २० किलोची वस्तू, तेच म्यू, बल १०० न्यूटन, पण ३० अंशात वर ओढलं तर एन होतो २०० वजा ५० म्हणजे १५०, घर्षणाची मर्यादा ७५, आणि आडवा घटक ८६.६, वस्तू सरकली. तेवढ्याच बलाने ३० अंशात खाली दाबत ढकललं तर एन २५०, मर्यादा १२५, आडवा घटक तोच ८६.६, वस्तू ढिम्म हलत नाही. बल तेवढंच आणि निकाल उलटा, हे गणित एकदा स्वतः हाताने करून बघाच, मग एन बरोबर एम जी लिहिताना हात आपोआप थांबेल.

तिसऱ्या नियमात गडबड म्हणजे क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वस्तूवर दाखवणं. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा नॉर्मल ही जोडी नाही! इथे समान असले तरी ते पहिल्या नियमामुळे, दोन्ही पुस्तकावरच आहेत. जोडी ओळखायला वाक्यातली नावं उलटी करा: पृथ्वी पुस्तकाला ओढते, तर पुस्तक पृथ्वीला ओढतं. गाडी तेवढ्याच बलाने मागे ओढते तर ती पुढे जातेच कशी, हा हातगाडीवाल्याचा प्रश्नही असाच सुटतो, गाडी त्याला तेवढ्याच बलाने मागे ओढते हे खरंय, पण ते बल त्याच्यावर आहे, गाडीवर नाही, त्यामुळे गाडीचा हिशेब करताना ते येतच नाही.

लिफ्टमध्ये दिशा गतीची नाही, त्वरणाची बघा. ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट वर जातेय पण वरचा मजला आला म्हणून २ मीटर प्रति सेकंद वर्गाने मंदावतेय, तर काटा ७२० नाही, ४८० न्यूटन दाखवेल. आणि पुलीवर लटकलेल्या वजनाचा ताण थेट एम जी धरू नका, गुळगुळीत टेबलावर ३ किलो आणि खाली २ किलो लटकलेलं असेल तर त्वरण ४ आणि ताण १२ न्यूटन येतो, २० नाही. ताण २० असता तर खालचं वजन पडलंच नसतं.

उतारावर साइन की कॉस यात गोंधळ झाला तर कोन शून्य करून बघा. सपाट जमिनीवर वस्तू आपोआप घसरायला नको, म्हणजे वजनाचा उताराच्या दिशेचा घटक शून्य यायला हवा, तो साइननेच येतो.